पाळण्यातला दगड

पलटणीबरोबर एकोणीसशे शेहेचाळीसचं साल जपानात काढून उकंडा आपल्या गावी, पिंपळगाव राजाला, परतला, तेव्हा गावाने त्याला पारावरून उठूच दिलं नाही. तिथल्या बायांनी त्या साली पहिल्यांदा मतं टाकली, डिसेंबरात भुईकंपाने गावंच्या गावं आडवी केली, हे सगळं तो रंगवून सांगायचा. पण "अन् लेकरं होत होती का बे तिथं, एवढा बांब पडल्यावर?" असं कोणी विचारलं, की उकंडा उठून चालू लागायचा.

वर्षभराने त्याच्याच घरी पाळणा हलला. बारशाला त्याच्या आईने, वच्छलाबाईंनी, रिवाजाप्रमाणे वरवंट्याला लाल टोपडं घालून बाळाच्या आधी पाळण्यात निजवलं. ते पाहून आत येणारा उकंडा दारातच थांबला. जपानात एका रस्त्याच्या कडेला असेच लाल टोपडी घातलेले दगड त्याने ओळीने मांडलेले पाहिले होते. दुभाषा म्हणाला होता, "नाव ठेवायच्या आधीच गेलेली लेकरं आहेत ही. आया येऊन कपडे घालून जातात."

बाळाचं नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या. आता मिरच्या वाटायच्या म्हणून वच्छलाबाई वरवंट्याचं टोपडं सोडायला लागल्या, तर उकंडाने तो त्यांच्या हातातून घेतला आणि छातीशी धरला.



"माय, याचं नाव ठेवाचं राह्यलं."