उलट्या आट्यांचा बोल्ट

वाशीच्या सिद्धेश्वर उस्तादांच्या पत्राला रेवणप्पा मिस्त्रीनं दोन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. 'इंजिनात तुटलेला बोल्ट उलट्या आट्यांचा आहे, उजवीकडं फिरव, म्हणजे निघेल,' असं त्यात होतं. तेव्हा त्याच्या गावात, बेंबळीत, मोटारच नव्हती. म्हातारपणी उस्तादांना भ्रम झाला, असं समजून त्यानं पत्र कोनाड्यात ठेवून दिलं.

आज जागीरदारांच्या नव्या मोटारीचा बोल्ट, पाना डावीकडं ओढताना, त्याच्याच हातानं तुटला.

"दिस मावळायच्या आत गाडी चालू न्हाय झाली, तर मालक तुमाला गावात ठिवत न्हाईत, मिस्त्री," ड्रायव्हर कोंडीराम म्हणाला.

छिन्नीनं डावीकडं ठोकूनही तुकडा हलेना. मग रेवणप्पाला पत्र आठवलं. उजवीकडं दोन टिचक्या दिल्या, तसा तुकडा बोटांनीच फिरत बाहेर आला. दुसरा बोल्ट बसवला, तसं इंजिन गुरगुरलं. रेवणप्पा पोटभर जेवल्यासारखा हसला आणि लगेच कार्ड लिहायला बसला : 'निघाला, उस्ताद.'

"उस्तादांना माती देऊन साल झालं की वं," कोंडीराम म्हणाला.

"म्हणून काय जवाब द्यायचा न्हाय व्हय?"

समाधानानं त्यानं कार्ड टपालपेटीच्या तोंडात सरकवलं, आणि त्याला पत्रातली शेवटची ओळ आठवली. 'तुझा जवाब आला, की मी तिकडं यायला निघतो.'

कार्ड आत पडलं होतं.