रशियन पोहे

"एवढ्या मनुका नाही," शालू दारातून म्हणाली.

दुर्गाचा हात परातीतच थांबला. दिवाळीनंतर लग्न होऊन ती प्लांटच्या या क्वार्टरमध्ये आली, तेव्हापासून ही आठ वर्षांची पोर तिच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. तिच्या हातचा घासही घेत नव्हती. शेजारच्या बेबीताईंकडे जेवून यायची. आज बोलली, तेही मनुकांवर. असू दे. दुर्गाने मूठ सैल केली.

"मंग किती?"

शालूने मान जरा वाकडी केली, मोरीकडे पाहिलं, ऐकल्यासारखं केलं. "आई म्हणते, अर्ध्या. अन् जर्दाळू बारीक काप."

मोरीपाशी उपडी घातलेली भांडी होती, दुसरं काही नाही. शालूची आई मागच्या उन्हाळ्यात वारली होती.

पोरीला आठवत असेल, दुर्गाने स्वतःला समजावलं. ही ओटची बिस्किटं म्हणजे शालूच्या आईची खासियत. प्लांटवर आलेल्या एका रशियन इंजिनीअरच्या बायकोने तिला शिकवली होती, आणि मायदेशी जाताना ओटचा भला मोठा डबा देऊन गेली होती. दुर्गाला हे कुठून ठाऊक असणार? आर्वीची पोरगी ती. आल्या आल्या डबा उघडला, पांढऱ्या चपट्या पाकळ्या पाहिल्या, आणि कांदा-मिरचीची फोडणी देऊन चांगले पातेलंभर पोहे करायला घेतले. लगदा झाला. शालू दिवसभर रडली. आता डब्यात उरले होते ते शेवटचे ओट, आणि कृती बेबीताईंनी सांगितलेली, अर्धी आठवून, अर्धी अंदाजाने. हेही बिघडलं तर पोरगी हातची गेली ती गेलीच.

"आई हसून राहिली," शालू म्हणाली.

"कावून?"

"तुझ्या फोडणीवर. अजून हसते."

सवत हसणारच, दुर्गा मनात म्हणाली. पण मानेवर काटा आला तो काही जाईना. तिने जर्दाळू अगदी बारीक कापले.

"आई म्हणते, मीठ राहिलं."

राहिलंच होतं. तिने चिमूटभर टाकलं.

"आई विचारते, हात दुखते का."

दुर्गाने चटकन मनगट पदराखाली घेतलं. सकाळी तव्याचा चटका बसला होता. तेव्हा शालू शाळेत होती, नवरा पुंडलिकराव प्लांटमध्ये. फोड बांगड्यांखाली झाकलेला होता आणि तिने तो कोणालाही दाखवला नव्हता.

"नाही दुखत," ती मोरीकडे पाहून म्हणाली. आपण कोणाला उत्तर दिलं हे मग लक्षात आलं. तिने भराभर गोळे चपटे केले, गोल ओव्हनमध्ये मांडले, झाकण लावलं आणि बटण दाबलं.

घरभर लोण्याचा, दालचिनीचा वास सुटला. शालू आत येऊन पाटावर बसली. उरलेल्या मनुका आणि जर्दाळूचे तुकडे दुर्गाने वाटीत घालून तिच्यापुढे ठेवले आणि मुद्दामच पाठ फिरवली. पोरीने थोडा वेळ जाऊ दिला. मग दोन्ही गाल भरून चावू लागली.

झाकणाच्या काचेतून दुर्गाने आत पाहिलं. बिस्किटांच्या कडा सोनेरी झाल्या होत्या, मधे मात्र पीठ ओलं, फिकट. माहेरी बेकरीतून नानकटाई यायची ती कशी खुसखुशीत असायची. अजून राहू द्यावीत झालं, असं ती पुटपुटली.

"काढ वं बाई आता. मधात कच्चीच राहू दे. नाही तं दगड होतील."

आवाज बाईचा होता. जरा घोगरा, हसण्याच्या बेतात असलेला.

दुर्गाने वळून शालूकडे पाहिलं. पोरीचे गाल अजून गच्च भरलेले होते, ओठ मिटलेले. चावणं तेवढं थांबलं होतं.

दुर्गाने बटण बंद केलं. झाकण उचललं. कालथ्याने एकेक बिस्कीट अलगद ताटात उतरवलं, एकही मोडलं नाही. निवता निवता मधलं पीठ आपोआप घट्ट झालं. तिने एक उचलून शालूच्या तळहातावर ठेवलं.

शालूने चावा घेतला. बिस्कीट कट्कन तुटलं नाही. मऊ, चिवट, दाताबरोबर थोडं ताणलं गेलं. डोळे मिटून ती कितीतरी वेळ चघळत राहिली. मग उठली आणि दुर्गाला अगदी खेटून उभी राहिली.

"मावशी," ती हळूच म्हणाली. "तुले बी ऐकू आलं ना?"

दुर्गाने मान हलवून होकार दिला.

शालूने तिचा पदर मुठीत घट्ट धरला.

"बाबाले नको सांगजो. त्यायले नाही येत ऐकू. रोज मलेच विचारतात, आज काय म्हणाली म्हणून."