त्र्याहत्तर सालचे तीन सिनेमे

टीव्हीवर टांगेवाल्याची चिता पेटली आणि सदाशिवरावांच्या हातातला पोह्यांचा चमचा हवेतच थांबला. "अगं, हा मरत नाही! बरा होऊन बहिणीच्या वरातीत टांगा हाकतो!"

नात बघतच राहिली. तिनेच हौसेने हा सिनेमा शोधून लावला होता. त्र्याहत्तर सालचे तीन सिनेमे म्हणजे आजोबांचा जीव की प्राण. तसे पुन्हा निघाले नाहीत, असं ते भेटेल त्याला ऐकवायचे. स्वतः मात्र त्यांनी त्यातला एकही पाहिला नव्हता. तेव्हा ते सोळा वर्षांचे होते, क्षयाने अंथरुणाला खिळलेले. थोरली अक्का सिनेमा पाहून यायची आणि दाराशी बसून गाण्यांसकट अख्खी गोष्ट सांगायची. त्यानंतर तो पाहायची गरज त्यांना कधी वाटलीच नाही.

"बाकीचे दोन लाव. नुसता शेवट दाखव."

दुसऱ्यात मास्तर नदीत बुडाला. तिसऱ्यात पैलवानाने आईच्या मांडीवर प्राण सोडला.

त्यांनी अक्काला फोन लावला. "अक्के, तिघंही मरतात की गं! लोक सांगायचे, तर मी त्यांनाच म्हणायचो, थेटरात झोपला होतात. पन्नास वर्षं भांडलो मी! खोटं का सांगितलंस?"



"सदा, डॉक्टर म्हणाले होते, हा दिवाळी बघणार नाही. आणि तू दर वेळी गोष्ट मध्येच थांबवून विचारायचास, 'शेवटी तो जगतो ना गं?'"