निर्दोष चिप

मृणालिनीने बोर्डाच्या कडेला कुंकवाचं बोट टेकवलं.

"शॉर्ट होईल हं, बाई!" शेजारचा तावडे हसला.

नव्या प्रोसेसर चिपमधल्या चुका शोधणं, हे त्यांच्या गटाचं काम. पण चिप पहिल्याच खेपेला निर्दोष निघावी म्हणून तिने सोळा सोमवार केले होते. बटण दाबताच पडद्यावर एक ओळ उमटली, मग भराभर बाकीच्या. आठवडाभर चाचण्या चालल्या. चूक म्हणून सापडली नाही. लॅबभर पेढे फिरले.

दुपारी साहेबांनी तिला आत बोलावलं. "अभिनंदन! आता सुधारित चिप काढायला नको. वरचे म्हणतात, मग हा गट तरी कशाला पोसायचा?"

"आणि पुढची चिप?"

"ती परदेशातच होईल."

ती बाहेर आली. बातमी तिच्याआधी पोचली होती. खण रिकामा करता करता तावडे म्हणाला, "देवाकडे मागताना आमच्या पोटाचा तरी विचार करायचास, बाई."

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. "काय गं, मागितलंस ते दिलं ना देवाने?"

"दिलं, आई," ती म्हणाली. "अगदी मागितलं तस्संच."