अडतीस

धाकटी मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचे प्रश्न मोठ्याने वाचत होती आणि ताई औषधांच्या दुकानातल्या आपल्या पांढऱ्या कोटाला इस्त्री करत होती. “एका ग्लुकोजपासून पेशीला ऊर्जेचे किती रेणू, म्हणजे एटीपी, मिळतात?” “अडतीस,” ताई मान वर न करता म्हणाली. दहा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तिने तीच परीक्षा सोडली होती, पण हा आकडा अजून तोंडपाठ होता. धाकटी खो-खो हसली. “म्हातारे, ते जुनं झालं! आता तीस-बत्तीसच धरतात.” “मग उरलेले गेले कुठे?” “वाटेतच खर्च होतात.” ताई बराच वेळ एकाच बाहीवर इस्त्री फिरवत राहिली. “माझ्यानंतर अजून काय काय बदललंय गं?” धाकटीचं हसू मावळलं. “वयाची अट, ताई. यंदापासून काढून टाकलीय.” ताईने इस्त्री बंद करून खुर्ची ओढली. “पहिल्या धड्यापासून वाच,” ती म्हणाली, “आणि जरा सावकाश.”