सुभेदाराच्या घशातला गोटा

सुभेदाराच्या घशात गोटा अडकला होता आणि सुताराचा हात काही त्याच्या तोंडात मावत नव्हता.

सुभेदार म्हणजे लाल शेपटीचा कॅटफिश. तीन फूट लांब. मिशांवरून नाव पडलेलं. बैठकीच्या खोलीची अख्खी भिंत त्याच्या टाकीने अडवली होती. सोबतीला सोडलेला एकेक मासा त्याने गट्टम केला होता, आणि आता शोभेसाठी ठेवलेला पांढरा गोटाही. सहा दिवस त्याने तोंडाला काही लावलं नव्हतं. माशांचे डॉक्टर दूरच्या शहरात. ते फोनवर म्हणाले होते, "गोटा घशातच असेल तर हाताने निघेल. ओल्या टॉवेलवर धरा, कल्ल्यांवर पाणी सोडत राहा आणि दोन मिनिटांत उरका. उद्यावर टाकू नका."

सुताराचा पंजा रंध्यासारखा रुंद. बायकोचा हात मावला असता, पण तिने तो पदराखाली लपवला होता.

"मीच मेलीने हौसेने आणले ते गोटे," ती म्हणाली. मग एकदम, "अहो, खालच्या बाईंना बोलवा."

"त्यांना? आपल्या टाकीचं पाणी त्यांच्या छतातून ठिबकलं, तेव्हा काय काय बोलल्या विसरलीस?"

"त्यांनी जन्मभर अडलेल्या बायका सोडवल्यात. जा तुम्ही."

सुतार जिना उतरला. म्हाताऱ्या नर्सबाईंनी दार उघडलं, चष्मा कपाळावर चढवला आणि वाट पाहिली.

"बाई, आमचा मासा अडलाय."

"किती वेळ झाला?"

"सहा दिवस."

"आणि आज येतोयस?" बाईंनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि त्याच्या आधी जिना चढू लागल्या.

न्हाणीघरात पालथ्या टबावर ओला टॉवेल अंथरला होता. बाईंनी नखं पाहिली, कोपरापर्यंत हात धुतले, टाकीच्या पाण्यात पुन्हा बुडवले. सुताराने सुभेदाराला उचलून आणलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं. बायको तांब्याने कल्ल्यांवर पाणी सोडत राहिली.

"घाबरायचं नाही," बाई माशाला म्हणाल्या. "मी आलेय ना? उघड तोंड. शहाणी माझी."

"नर आहे बहुतेक," सुतार पुटपुटला.

"असेना. अशा वेळी सगळे सारखेच."

बाईंचा हात मनगटापर्यंत आत गेला, मग आणखी चार बोटं. त्यांनी डोळे मिटले. सुभेदाराने एक हिसका दिला, टब हादरला. बाई हलल्या नाहीत.

"लागला हाताला. ओढायचं नसतं कधी. फिरवायचं… फिरवायचं… हं."

हात बाहेर आला. बोटांत लिंबाएवढा गोटा होता.

सुताराने सुभेदाराला टाकीत सोडलं. तो तिरपा होऊन तळाला गेला आणि तसाच पडून राहिला. बायकोने तोंडात पदर धरला. मग एक कल्ला उघडला, मिटला. पुन्हा उघडला. सुभेदार हळूहळू सरळ झाला, शेपटी एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि मिशा काचेला टेकवून तो बाहेर बघू लागला.

सुताराचा जीव भांड्यात पडला. त्याने हात जोडले.

"बाई, तुमचे उपकार कसे फेडू?"

बाई आपल्या हाताकडे बघत होत्या. माशाच्या बारीक दातांनी कातडी खरवडून मनगटाभोवती लाल कडं उमटलं होतं. बायको धावत कापूस घेऊन आली.

"राहू दे गं, कळतसुद्धा नाही." त्यांनी हात उलटसुलट करून पाहिला. "उपकार तर तुमचेच. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली. 'अडलंय, चला' म्हणत या सोळा वर्षांत माझं दार कुणी वाजवलं नव्हतं."

"चहा टाकते," बायको डोळे पुसत म्हणाली. "घरी जायची घाई नाही ना?"

"घाई कसली?" बाईंनी खुर्ची ओढली आणि टाकीसमोर ऐसपैस बसल्या. "तासभर तरी बसावं लागेल. बाळंतिणीला टाकून लगेच उठायचं नसतं."