कानशिलावर मोडलेली बोटं

तीन वर्षं धाऊचा अंगठा बोटांवर घासत होता, जणू मुठीतलं एकेक भाताचं रोप सुटं करतोय. चेहरा मात्र लाकडासारखा. "मेंदूत खोल, सुपारीएवढ्या जागेत बिघाड आहे. हात काय, हसू काय, दोन्ही तिथूनच हलतात," कल्याणचे डॉक्टर म्हणाले होते.

त्या दुपारी म्हसा गावच्या जत्रेतली घोंगडी नवऱ्याच्या अंगावर टाकताना गिरजाला राहवेना. त्याच्या तोंडावरून हात फिरवून तिनं आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "तुमची पीडा मला लागू दे."

अंगठा थांबला. धाऊ हसला.

सून धावत आली. "आई, बाबा हसले! तुमी का नाय हसत?"

पदराआड गिरजाचा अंगठा रोपं सुटी करू लागला होता.

आणि ती तर मघापासून हसतच होती.